नऊ जणांची पाहणी

फोन दोनदा थरथरला तेव्हा मी एका आईची उलटतपासणी टाइप करत होते. अकरा चाळीस झाले होते. वकील तिला विचारत होते की मुलीचं प्रकरण सोमवारी कळलं आणि तुम्ही पोलिसात गेलात शुक्रवारी, मधले चार दिवस काय केलं? ती बाई पदराचं टोक पिळत म्हणाली, "गावात मिटवून राहिले होते, साहेब." गोंदियाच्या न्यायालयात लहान मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं सहा वर्षं टाइप करते आहे मी. हे वाक्य इतक्या वेळा टाइप केलंय की साक्षीदारानं तोंड उघडायच्या आत बोटं तिकडे वळतात. गावात मिटवत होतो. समाजात मिटवत होतो. मामा येणार होते, मग मिटवणार होतो. या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. मारणाऱ्याचा, छळणाऱ्याचा राग येतो. पण मिटवणाऱ्यांचा राग येत नाही, किळस येते. गुन्हेगाराला निदान आपण काय केलं ते माहीत असतं. मिटवणारा मात्र साक्षीच्या पिंजऱ्यातही इस्त्रीचा सदरा घालून, आपण काहीतरी पुण्यकर्म केलं अशा चेहऱ्यानं उभा असतो. असल्या चेहऱ्यांकडे मी मान वर करून बघतसुद्धा नाही.

दोन वाजता जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडायच्या आधी फोन उघडला. बाबांचा मेसेज होता: एक फोटो आणि त्याखाली त्यांचा आवाज. फोटोत काय होतं ते मी लिहिणार नाही. नऊ जणांनी पाहिलं तेवढं पुरे झालं. एवढंच सांगते की मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते, आमच्या गावची आहे आणि मी तिला ओळखते. तिचं नाव लिहिणं हाही गुन्हाच, म्हणून मी तिला दुर्गेश्वरी म्हणेन. ते तिचं नाव नाही; पुढे येणारी बाकीची नावंही बदललेली आहेत. फोन मी पालथा घातला. मग कानाला फोन लावून बाबांचं बोलणं ऐकलं. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायचे त्याच आवाजात ते सावकाश सांगत होते.

"पुष्पा, मी बाबा बोलून राहिलो. हा बिसरामच्या पोरीचा प्रकरण हाये. तिनं सोताचा फोटो काढून त्या टिंकूले पाठवला. मंग दोघाइचा भांडण झाला, अन् त्यानं आपल्या दोन दोस्ताइले देला. बिसराम समितीकडे आला. आज सकाळी नऊही जणांनी पाहणी केली, समझोता झाला. तू कोर्टात हायेस, त बराबर कायद्याच्या भाषेत टाइप करून दे, पाचशेच्या स्टॅम्पवर. अन् फोटोची एक प्रत काढून मांगं जोड, परिशिष्ट अ म्हणून. म्हंजे उद्या कोणी नाही म्हणाले नको. मी अडीचच्या बसनं निंगून राहिलो."

परिशिष्ट अ! मला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. माझे बाबा दुधराम गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि अकरा वर्षं गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आहेत. दवनीवाड्याच्या पुढे आमचं गाव. तिथं बांधावरून, कुंपणावरून, पाण्याच्या पाळीवरून जी भांडणं होतात ती पोलिसात जाऊ नयेत म्हणून ही समिती. बाबांनी आयुष्यात कोणाची पै खाल्ली नाही, कोणाला शिवी दिली नाही, बाईमाणसाकडे मान वर करून पाहिलं नाही. आणि अशा माणसानं सकाळी नऊ वाजता ग्रामपंचायतीच्या खोलीत चष्मा पुसून, खुर्ची सरकवून, एका सोळा वर्षांच्या मुलीचा तो फोटो पाहिला, इतर आठ जणांना पाहायला लावला आणि मग स्वतःच्या मुलीला पाठवला. मला.

हे त्यांनी का केलं ते माझ्याइतकं कोणालाच कळणार नाही, आणि मला ते कळतं याचीच मला चीड आहे. आमच्या गावात तलावाच्या पाण्यावर न्याय करायची एक रीत आहे. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली, कोणाच्या धानात पाणी शिरलं, कोणाचं वाळलं, तर पंचांनी घरी बसून बोलायचं नाही. सगळ्यांनी मिळून पाळीवर जायचं, चपला काढायच्या, फुटलेली जागा डोळ्यांनी पाहायची, हातानं चाचपायची, आणि मग तोंड उघडायचं. पाहिल्याबिगर जो बोलेल त्याचं बोलणं धरायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना सुकराम नावाच्या गरीब माणसावर पाळ कापल्याचा आळ आला होता. सगळा गाव त्याला मारायला उठला होता. बाबा सगळ्या पंचांना घेऊन चिखलात उतरले आणि मीही त्यांच्या मागे. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, माती काढून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, हे कुदळीचं काम नाही, खेकड्याचं भोक आहे. सुकराम रडत त्यांच्या पायाशी बसला. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझ्या बाबांएवढा मोठा माणूस जगात नाही. न्यायालयात नोकरी करायचं माझ्या डोक्यात आलं तेही बहुधा तिथेच, त्या चिखलात.

तीच रीत त्यांनी मुलीला लावली. पाळ फुटली तशी मुलगी फुटली, चला, पाहू या. त्या नऊ जणांना मी लहानपणापासून ओळखते. एक जण मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचगाण्याला पहिल्या रांगेत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पोरं बिघडली म्हणून भाषण करतो. एकानं स्वतःच्या सुनेला शिलाई मशीन घेऊ दिलं नाही, का तर गिऱ्हाईक घरात येतात. एकाला मी सातवीत असताना बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, कपडे धुणाऱ्या बायांकडे झाडाआडून बघताना पाहिलंय. तो आता दुकानाच्या गल्ल्यावर देवाचा फोटो लावून बसतो. हे सगळे न्याय करायला बसले. तिघांकडे साधे बटनाचे फोन, त्यांना शेजाऱ्याच्या फोनवर दाखवलं. बाकीच्यांसाठी सचिवानं ग्रुप काढला आणि त्याला 'समिती पुरावा' असं नाव दिलं. समितीत एक बाईही आहे, सुशिलाबाई. तिला बाहेर ओट्यावर बसवलं, कारण बाईमाणसानं असलं पाहू नये. सही मात्र तिचीही घेतली. हे सगळं मला नंतर बाबांच्याच तोंडून कळलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जेवणाची सुट्टी संपली. मी परत टेबलाशी बसले. कायदा मला पाठ आहे, शिकून नव्हे तर टाइप करून करून. अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा असला फोटो दुसऱ्याला पाठवला तर तुरुंग, पॉक्सोनं वेगळा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानं वेगळा, पाच वर्षांपर्यंत. सवलत आहे: तक्रार देण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून दाखवण्यासाठी. न्यायालयात, ग्रामपंचायतीच्या खोलीत नाही. आणि असं काही झालंय हे ज्याला कळलं, मग तो शिक्षक असो, शेजारी असो की लघुलेखक, त्यानं पोलिसांना कळवायचं. नाही कळवलं तर तोही गुन्हेगार. टिंकू सतराचा आहे, तो बाल न्याय मंडळासमोर जाईल. त्याच्याबद्दल मला दया नाही, पण त्याला निदान पोर म्हणून समोर बसवून घेतील. माझ्या बाबांना पोर म्हणून कोण घेणार? एकदा एक वकील व्हरांड्यात चहा पिता पिता म्हणाला होता की कायद्याचा शब्द न शब्द लावला तर स्वतःचा फोटो स्वतः पाठवणारी पोरगीसुद्धा सुटत नाही, मॅडम. आणि तो हसला होता. मीही हसले होते बहुतेक. आज ते आठवून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

म्हणजे कळवलं तर बाबा आरोपी, आणि दुर्गेश्वरीच्या दारात पोलिस. नाही कळवलं तर दुर्गेश्वरीचं काय होणार ते समझोत्यातच लिहिलेलं असणार. मी रजेचा अर्ज लिहिला, डोकं दुखतंय म्हणून, आणि बाहेर पडून नवऱ्याला फोन लावला. धर्मेंद्रचं रेल्वे स्टेशनच्या पलीकडे नळफिटिंगचं दुकान आहे. दुकानात दिवसभर हिंदी बोलून बोलून आता तो घरीही अर्धा हिंदीतच विचार करतो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मागे कोणीतरी पाइपाचा भाव विचारत होतं.

"डिलीट मार और भूल जा," तो म्हणाला. "तू पाह्यलाच नाही. नेट बंद होता."

"निळी खूण गेली आहे तिकडं. मी पाह्यल्याची."

"मंग फोनच बदलून टाक. बाबूजीलेबी सांग. नऊ माणसं हायेत, कोण जाते सांगाले? अन् त्या पोरीचं तरी भलं होणार हाये का पोलिसात जाऊन?"

फोन ठेवला. तुच्छतेनं माझं तोंड कडू झालं होतं. बारा वर्षांच्या संसारात या माणसाला मी एकदाही उत्तर शोधताना पाहिलं नाही. त्याच्याकडे उत्तर तयारच असतं, दुकानातल्या वॉशरसारखं, कोणत्याही नळाला बसणारं. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की त्यानं जे मोठ्यानं म्हटलं ते मी दोन वाजल्यापासून मनात घोळवत होते. त्याला निदान लाज न वाटता बोलता येतं. मी पालथा फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि पोलिस ठाण्यावरून रिक्षा गेली तेव्हा मी थांबवा म्हटलं नाही. राइस मिलचा कोंडा उडत होता, डोळ्यांत जात होता. चला, एक तास झाला. सोमवार ते शुक्रवार चार दिवस घेणाऱ्या त्या बाईचा मला सकाळी केवढा तिटकारा आला होता! तिला निदान अक्षरओळख नव्हती.

आणि दुर्गेश्वरी मधेच डोळ्यांसमोर येत होती, फोटोतली नव्हे. दिवाळीनंतरच्या मंडईला मी गावी गेले होते, त्याला पंधरा दिवस झाले नसतील. पाळण्यांच्या बाजूला भज्यांच्या दुकानापाशी ती मला गाठून उभी राहिली. "आत्या, कोर्टात लागाले टायपिंगची किती स्पीड लागते?" मी म्हटलं, मराठी तीस, इंग्रजी चाळीस, वर लघुलेखन. ती बोटं हवेत हलवत म्हणाली, "माझी बावीस होऊन राहिली. घरी मशीन नाही, मोबाइलवरच करतो." मी म्हटलं, मोबाइलवर होत नाही तसं, क्लास लाव. आणि मी पुढे निघाले, कारण भजी थंड होत होती. एवढंच बोलणं. गावच्या पोरींशी मी नेहमी अशीच बोलते, घाईत आणि वरून, जणू मी तिथं जन्मलेच नाही. ती मात्र 'हो आत्या, लावतो' म्हणाली होती.

साडेचारला बाबा घरी आले. पांढरा पायजमा, पिशवीत आईनं दिलेलं सीताफळ आणि रेघांच्या कागदावर लिहिलेला समझोता. पाय धुऊन, पाणी पिऊन, चष्मा लावून ते मला वाचून दाखवू लागले. एक, टिंकू समितीसमोर माफी मागेल. दोन, मुलगी कॉलेज सोडेल आणि लग्न होईपर्यंत सालेकशाला मामाकडे राहील. तीन, कोणताही पक्ष पोलिसात जाणार नाही. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही.

"कॉलेज कायले सोडाचं तिनं?" मी विचारलं.

"मंग काय करन? तोंड दाखवाले जागा राह्यली का तिले?"

"अन् टिंकूनं?"

"त्याची बारावी हाये यंदा."

एवढं साधं होतं ते. मी समझोता त्यांच्या हातातून घेतला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. मग त्यांना कायदा सांगितला. रागानं नाही, न्यायालयात नव्या शिपायाला काम समजावते तसा, एकेक कलम. बाबा ऐकत होते. मध्ये त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पिशवीतल्या एका कागदावर 'पंधरा' आणि 'एकोणीस' असे कलमांचे आकडे लिहून घेतले. आयुष्यभर त्यांनी चांगल्या विद्यार्थ्यांचं कौतुक केलं, आणि स्वतःही ते चांगले विद्यार्थीच होते. लिहून झाल्यावर त्यांनी ते आकडे पुन्हा एकदा वाचले.

"म्हंजे मी गुन्हा केला?"

"हो, बाबा."

"पण माझी नजर वाईट नोहोती, पुष्पा."

"मले माहीत हाये."

मला खरंच माहीत होतं. त्यांनी तो फोटो पाळीची माती पाहावी तसा पाहिला असणार. पण त्यामुळे मला त्यांचा कमी राग आला नाही, जास्तच आला. वाईट नजरेच्या माणसाला लपून पाहावं लागतं. यांनी खुर्च्या मांडून पाहिलं, वहीत वेळ लिहून पाहिलं, आणि सुशिलाबाईला बाहेर बसवून वर मर्यादाही पाळली. यांच्या चांगुलपणाला कुठेच कुंपण नाही, म्हणून तो कोणाच्याही अंगणात शिरतो. हे मी बोलले नाही. माझा बाप समोर म्हातारा होऊन बसला होता आणि मला त्याची कीव येत होती आणि तिटकाराही.

"मंग तूच मिटव ना," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुले सारा माहीत हाये. तू पुस, मीबी पुसतो. आठही जणाइले सांगतो. कॉलेजचं कलम काढून टाकतो, पाह्यजे तं. पोरगी शिकन. कोणाले कायी नाही झालं मंग."

मी फोन सरळ केला. खरं सांगते, मी पुसणार होते. त्यांनी कॉलेजचं कलम काढायचं कबूल केलं होतं, मुलगी शिकणार होती, बाबा वाचणार होते, मी वाचणार होते. दोन तासांपूर्वी ज्याला मी वॉशरसारखं म्हणून नाक मुरडलं होतं तेच उत्तर आता अगदी माझ्या मापाचं झालं होतं. बोट फोटोवर होतं. आणि निव्वळ सवयीनं, साक्षीत एखादी गोष्ट राहून गेली की साहेब विचारतात तसं, मी विचारलं, "बिसरामकाका तवा कोठी होते?"

"तेथीच. त्यालेच तं पहिले दाखवला."

"कोणाले?"

"बिसरामले. त्याच्याच पोरीचा हाये का, हे त्यानं सांगतल्याबिगर पाहणी कशी होईन? तो मान खाली घालून बसला होता. पाह्यतच नोहोता. मी म्हटलं, बिसराम, मान वर कर, पाह्य. ओळख पटव. तवा पाह्यला त्यानं. हो म्हणाला."

बाबांनी हे अभिमानानं सांगितलं नाही, लाजेनंही नाही. कामाचा एक टप्पा म्हणून सांगितला. मला बिसरामकाका दिसले. बैलाच्या शिंगाला हात लावतानाही हलकेच लावणारा तो माणूस नऊ जणांच्या मध्ये बसलेला, समोर फोन, आणि माझे बाबा त्याला सांगताहेत, पाह्य. आज संध्याकाळी तो घरी जाईल. दुर्गेश्वरी त्याला पाणी देईल. तिला कोणी सांगितलं नाही तरी ते पाणी घेताना तो तिच्याकडे बघणार नाही, आणि तिला कळेल. त्यानंतर ती कॉलेजात गेली काय आणि सालेकशाला गेली काय. टिंकूनं जे केलं ते एका बिनडोक पोरानं भांडणात केलं होतं. हे माझ्या बाबांनी केलं होतं, शांतपणे, रीतीप्रमाणे, आणि पुढच्या पोरीलाही ते हेच करतील, कारण त्यांना कोणीही कधीही चूक म्हटलेलं नाही.

मी फोटो पुसला नाही. ठाण्यातल्या फौजदार शकुंतला मॅडमचा नंबर लावला. साक्षीला येतात म्हणून त्या ओळखीच्या. बाबा समोरच्या खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली नाही, तेवढं तरी मी त्यांच्यासाठी केलं. मी मॅडमना सांगितलं की मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जा, साध्या कपड्यात जा, गाडी दाराशी नेऊ नका, आणि आज रात्र व्हायच्या आत जा, कारण त्या घरात आज काय होईल याचा मला भरवसा नाही. त्या हो म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात विचारू लागल्या आणि मी नेहमीच्या आवाजात सांगू लागले. कधी मिळाला, किती वाजता उघडला, कळवायला तीन तास का लागले. "घाबरले होते," मी म्हटलं. पलीकडे त्या ते लिहून घेत होत्या.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट.

"तुमचं नातं?"

"वडील."

मग त्यांनी विचारलं, "वय?"

"सत्तर," मी म्हटलं.

"एकाहत्तर," बाबा खुर्चीतून म्हणाले. "मार्चमधी झाले. बराबर सांग."

मी बरोबर सांगितलं.